घोषवाक्याचे इंग्रजी आणि अटींचे इंग्रजी

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी यवत मागे टाकून भांडगावच्या शिवारात शिरतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो आणि डोळ्यांसमोर इंग्रजी असते. पुढे चाललेल्या मालट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असते. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या लोखंडी सांगाड्यांवर भूखंडांच्या, मोटारसायकलींच्या, मोबाइलच्या आणि क्लासच्या जाहिराती असतात. वस्तू विकायची ती मराठी गिऱ्हाइकाला, दुकान बहुधा चार-सहा कोसांच्या आतले, फलक वाचणारा शेतकरी किंवा त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा. तरीही ठळक ओळ इंग्रजी. क्वचित लिपी देवनागरी असते, पण शब्द इंग्रजीच राहतात. आमच्या दौंड तालुक्यात सर्वांत अधिक वाचले जाणारे इंग्रजी पुस्तक कोणते, असे विचारले तर हा महामार्गच, असे उत्तर द्यावे लागेल. या पुस्तकाला शिक्षक नाही, शब्दार्थांची सूची नाही आणि परीक्षा मात्र आहे. ती दुकानाच्या गल्ल्यापाशी होते.

'हॉर्न ओके प्लीज' या ओळीपासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने वाहनांवर ही ओळ लिहिण्यास मनाई केली. तिच्यामुळे विनाकारण भोंगा वाजविण्यास उत्तेजन मिळते, असे कारण देण्यात आले. ओळीतील 'हॉर्न' आणि 'प्लीज' हे दोन शब्द सर्वांना कळतात. मधल्या 'ओके'विषयी अनेक कथा सांगितल्या जातात आणि त्यांतील एकीवरही एकमत नाही. म्हणजे कित्येक दशके लक्षावधी माणसांनी एक वाक्य वाचले, त्याप्रमाणे वर्तनही केले, पण त्याचा अर्थ लावण्याची गरज कोणाला वाटली नाही. जाहिरातीचे घोषवाक्य नेमके याच जातीचे असते. ते परिणाम करते आणि त्यासाठी ते समजलेच पाहिजे असे नाही. प्रश्न इतकाच, की समजले नाही तर नुकसान कोणाचे?

एक गृहपाठ

गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाने अर्थशास्त्राच्या वर्गाला एक गृहपाठ दिला. विद्यार्थी भांडगाव, यवत, केडगाव, वरवंड या गावांतून येणारे. बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. येता-जाता दिसणाऱ्या अथवा दूरचित्रवाणीवर ऐकलेल्या पाच इंग्रजी जाहिरातवाक्यांचा मराठीत अर्थ लिहून आणा, एवढेच सांगितले होते. वह्या आल्या. शब्दांचे अर्थ बहुतांशी बरोबर होते. वाक्याचा अर्थ मात्र हाती लागलेला नव्हता. आणि अनेक वह्यांच्या अखेरीस एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले होते : 'सर, माझे इंग्रजी कच्चे आहे.'

हे वाक्य मला खुपले. कारण वह्या पुन्हा तपासताना असे दिसले, की चूक पुष्कळदा विद्यार्थ्याची नव्हतीच.

अमूल लोण्याचे उदाहरण घ्या. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेने ठिपक्यांच्या झग्यातील ती मुलगी आणि 'अटर्ली बटर्ली डिलिशियस' हे शब्द लोकांपुढे आणले. एका विद्यार्थ्याने याचे मराठी केले, 'अगदी फुलपाखरासारखे चविष्ट.' वर्ग हसला. परंतु त्या बिचाऱ्याने शब्दकोश उघडला होता. 'बटर्ली' असा शब्द त्यात नव्हता, म्हणून त्याने जवळचा शब्द घेतला. 'अटर्ली'शी यमक जुळावे म्हणून लोण्याच्या नावाला शेपूट जोडून बनविलेला तो शब्द आहे, हे त्याला कोणी सांगितले होते?

१९८० च्या दशकात हिरो होंडाच्या मोटारसायकलीसाठी 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही जाहिरात झाली. तीन क्रियापदे आणि तीन वेळा 'इट'. पहिल्या दोन ठिकाणी हा शब्द पेट्रोलच्या टाकीविषयी आहे. तिसऱ्या ठिकाणी विसरायची आहे ती टाकी नव्हे, पेट्रोल संपण्याची काळजी. ही काळजी वाक्यात कोठेही लिहिलेली नाही. पेट्रोलच्या भावाने पोळलेल्या मध्यमवर्गीयाच्या मनात ती अगोदरच होती, म्हणून वाक्य पुरे झाले. ज्याच्याकडे मोटारसायकल नव्हती आणि म्हणून ती काळजीही नव्हती, त्याला 'भरा, बंद करा आणि विसरा' यात काय मोठे सांगितले ते कळू नये, हे स्वाभाविकच होते.

पुढची दोन उदाहरणे तर इंग्रजीच्या शिक्षकालाच पेचात टाकणारी आहेत. अ‍ॅपल कंपनीचे १९९७ चे 'थिंक डिफरन्ट' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिले तर क्रियाविशेषणाचे रूप चुकले म्हणून आपण गुण कापू. मॅकडोनल्ड्सने २००३ मध्ये जगभर नेलेले 'आय'म लव्हिन इट' हे वाक्यही तसेच. 'लव्ह' या क्रियापदाचे अपूर्ण वर्तमानकाळी रूप सामान्यतः करू नये, असे आपणच फळ्यावर लिहून देतो. म्हणजे व्याकरण नीट शिकलेला विद्यार्थी येथे अडखळतो आणि न शिकलेला सहज पुढे जातो. घोषवाक्य लक्षात राहावे म्हणून ते हेतुपुरस्सर नियम मोडते. नियम मोडणाऱ्याच्या पदरी कीर्ती आणि नियम पाळणाऱ्याच्या पदरी न्यूनगंड, असा हा उफराटा व्यवहार आहे.

काही वेळा शब्द आणि व्याकरण दोन्ही सरळ असूनही अर्थ परका राहतो. ओनिडा दूरचित्रवाणी संचाची 'नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड' ही जाहिरात चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. शेजाऱ्याचा हेवा आणि मालकाचा अभिमान, इतका साधा अर्थ. परंतु नव्या घराला काळी बाहुली बांधणारा, तान्ह्या मुलाच्या गालावर तीट लावणारा आणि म्हैस चांगली दूध देऊ लागली तर ते चारचौघांत न सांगणारा आपला समाज. हेव्याने दृष्ट लागते, अशी आपली समजूत. आणि येथे तोच हेवा वस्तूचा गुण म्हणून विकायला काढलेला. हे वाक्य समजण्यासाठी इंग्रजीपेक्षा एक नवी नीती आत्मसात करावी लागत होती. ती आपण हळूहळू केली, हा भाग वेगळा.

घोषवाक्य खाली उतरले

१९९१ नंतर अर्थव्यवस्थेची दारे उघडली आणि बाजारपेठ शहरांच्या वेशीबाहेर पसरू लागली. निव्वळ इंग्रजी घोषवाक्याने हा विस्तार होणार नाही, हे कंपन्यांनी फार लवकर ओळखले. पेप्सीने १९९८ मध्ये 'ये दिल माँगे मोर' असे अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी वाक्य आणले. हृदयाला पक्षी कशाला हवा, असा प्रश्न आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांना पडला असेल, पण तरुणांच्या तोंडी ते इतके बसले, की पुढच्याच वर्षी कारगिलच्या शिखरावरून कॅप्टन विक्रम बात्रा यांनी विजयाच्या क्षणी तेच उच्चारले. २००३ च्या सुमारास कोका-कोलाने 'ठंडा मतलब कोका-कोला' असे म्हणत पाच रुपयांची लहान बाटली खेड्यापाड्यांतील टपऱ्यांपर्यंत नेली. किंमत खाली आली आणि त्याबरोबर भाषाही खाली उतरली. कोणाशी कोणत्या भाषेत बोलले असता माल खपतो, याविषयी व्यापाऱ्याचे ज्ञान आपल्या शिक्षण खात्यापेक्षा पुष्कळच अचूक असते.

परंतु येथेच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. घोषवाक्य लोकांच्या जिभेवर उतरले. त्याच्या पायथ्याशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या अटी मात्र उतरल्या नाहीत. त्या होत्या तेथेच, होत्या त्याच इंग्रजीत राहिल्या. ठळक ओळीजवळची बारीकशी चांदणी आणि तळाशी 'कंडिशन्स अप्लाय' हे दोन शब्द, एवढीच त्या दोन जगांना जोडणारी वाट. ज्या वाक्याचा अर्थ कळला नाही तरी चालेल, ते समजावे म्हणून लक्षावधी रुपये खर्च होतात. ज्याचा अर्थ कळलाच पाहिजे, ते वाचताही येऊ नये अशा आकारात छापले जाते. इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांपुढील खरी अडचण ही आहे. 'बटर्ली' कळले नाही म्हणून कोणाचा संसार मोडत नाही.

लहान शब्दांचा मोठा व्यापार

विद्यार्थ्यांच्या वह्या चाळताना आणखी एक बाब ध्यानात आली. मोठे, भारदस्त शब्द त्यांनी कोशातून शोधून काढले होते. लहान शब्द मात्र वगळले होते. 'अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ' याचे मराठी जवळजवळ सर्वांनी 'पन्नास टक्के सूट' असे केले. 'अप टू' म्हणजे 'पर्यंत', तो शब्द गळाला. आणि सगळा व्यवहार त्या एका शब्दात होता. दुकानातील एका वस्तूवर पन्नास टक्के आणि उरलेल्या सर्वांवर पाच टक्के सूट असली, तरी जाहिरात खोटी ठरत नाही. भूखंडाच्या फलकावर आकड्यापुढे 'ऑन्वर्ड्स' असते. म्हणजे 'येथून पुढे'. 'अप टू' हा सवलतीवरचा कमाल आकडा सांगतो आणि 'ऑन्वर्ड्स' हा किमतीचा किमान आकडा. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला दाखविलेला आकडा हा त्याच्या वाट्याला येण्याचा संभव सर्वांत कमी असलेला आकडा असतो.

आता 'नो कॉस्ट ईएमआय' पाहू. समजा, एक मोबाइल रोखीने ११,००० रुपयांना मिळतो आणि हप्त्यांवर १२,००० रुपयांना. दरमहा १,००० रुपयांचे बारा हप्ते. व्याज शून्य, असे फलक म्हणतो. विद्यार्थ्यांना विचारले, तर हुशार मुलगा म्हणतो, 'सर, हजार रुपये जास्त, म्हणजे नऊ टक्के पडले.' तेही खरे नव्हे. कारण ११,००० रुपये वर्षभर आपल्याकडे राहत नाहीत. पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत जाते. घटत्या शिल्लक रकमेवर हिशेब केला तर वार्षिक दर सोळा टक्क्यांच्या पुढे जातो. त्यात पहिल्याच दिवशी पाचशे रुपयांचे प्रोसेसिंग शुल्क घेतले, तर तो पंचवीस टक्क्यांच्या घरात पोहोचतो. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे सांगून बँकांच्या अशा योजनांना आळा घातला. त्यानंतरही फलकांवर 'नो कॉस्ट' हे शब्द दिसतातच.

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर अखेर सगळा बाजारच बिघडतो. २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाने त्यांच्या या विचाराचा गौरव झाला. आपल्याकडे या विषमतेत भाषेची भर पडते. विकणाऱ्याला माल ठाऊक असतो आणि अटींची भाषाही. घेणाऱ्याला दोन्ही नाही.

आणि शब्दाचे मोल विकणारा किती जाणतो, याचेही एक उदाहरण आपल्या मराठी उद्योगातच आहे. १९५२ साली केशव पेंढरकर यांनी मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीच्या 'नहीं कॉस्मेटिक' या ग्वाहीकडे आपण गाण्याचा तुकडा म्हणून पाहिले. परंतु उत्पादन सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर त्याचे अबकारी शुल्क अवलंबून होते आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कंपनीच्या बाजूने निकाली निघाला. एका शब्दाच्या अर्थासाठी उत्पादक सर्वोच्च न्यायालयात जातो. गिऱ्हाईक त्याच शब्दापाशी क्षणभरही थांबत नाही.

'असिस्टन्स' म्हणजे काय?

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक हकिकत सांगतो. भांडगावची एक विद्यार्थिनी पदवीधर झाली. पुण्यातील एका संगणक प्रशिक्षण वर्गाची जाहिरात तिच्या पाहण्यात आली : 'हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स.' वडिलांनी उसाच्या बिलातून फी भरली. अभ्यासक्रम संपला. वर्गाने तिच्या हाती काही कंपन्यांच्या पत्त्यांची यादी दिली आणि अर्ज करण्यास सांगितले. नोकरीचे काय, असे विचारता माहितीपत्रकातील 'असिस्टन्स' या शब्दावर बोट ठेवण्यात आले. साहाय्य करू असे म्हटले होते. यादी दिली, ते साहाय्य झाले.

वडील कॉलेजात भेटायला आले तेव्हा म्हणाले, "सर, शंभर टक्के असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पुढचा शब्द नोकरीचाच असणार, असं आम्ही धरून चाललो." मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, असिस्टन्स म्हणजे मदत, हे मला येत होतं. पण शंभर टक्के मदत म्हणजे काय, हे मी विचारलंच नाही."

या मुलीचे इंग्रजी कच्चे होते, असे कोण म्हणेल? तिला शब्द येत होता, स्पेलिंग येत होते. या शब्दाने दुसऱ्याला नेमके काय करण्यास बांधले आहे, हे विचारण्याची सवय तिला आपण लावली नव्हती. तिच्या शिक्षकांपैकी मीही एक आहे, म्हणून हा दोष मी स्वतःकडेही घेतो.

कायदा आणि त्यातील फट

ग्राहकांच्या हिताचा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. २०१९ चा नवा कायदा २०२० पासून अमलात आला आणि त्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत एक महत्त्वाचा नियम आहे : जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत खुलासाही असला पाहिजे आणि तो ठळक जागी दिसला पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये शिकवणी वर्गांसाठी निराळी तत्त्वे आली आणि निवडीची वा नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींना मनाई झाली.

नियम स्वागतार्ह आहेत. परंतु आमच्या रस्त्यावर उभे राहून पाहिले तर त्यांतील फट दिसते. दावाच इंग्रजीत केला, तर खुलासा इंग्रजीत देऊन नियमाचे पालन पुरे होते. दावा अर्धा हिंदी, अर्धा इंग्रजी असेल, तर खुलाशाची भाषा कोणती धरायची? आणि 'असिस्टन्स' ही हमी नव्हेच, असा बचाव तर तयारच असतो. दाव्याची भाषा विकणारा निवडतो. म्हणून खुलाशाची भाषाही अखेर तोच निवडतो. वस्तुतः ती घेणाऱ्याच्या भाषेवरून ठरली पाहिजे. महाराष्ट्रात लावलेल्या प्रत्येक जाहिरातीच्या अटी, घोषवाक्य कोणत्याही भाषेत असो, मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरांत असाव्यात, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. तिला पूर्वाधारही आहे. कीटकनाशकांच्या वेष्टनावरील आणि सोबतच्या पत्रकातील मजकूर हिंदी व इंग्रजीबरोबर त्या भागातील प्रादेशिक भाषेतही असावा, अशी तरतूद १९७१ च्या नियमांत आहे. विषाच्या बाबतीत जे मान्य केले, ते कर्जाच्या बाबतीत अमान्य का व्हावे?

यावर कोणी म्हणेल, इंग्रजीच हटवा, म्हणजे प्रश्न मिटेल. मला ते पटत नाही. फसवणूक 'पर्यंत', 'पासून' आणि 'अटी लागू' या मराठी शब्दांनीही तितकीच सुखाने करता येते. शिवाय इंग्रजी हे आज खेड्यातील पालकाने आपल्या मुलासाठी स्वतः मागितलेले साधन आहे. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या पहिल्या तुकडीतील मुले आज तिशी ओलांडून स्वतःच कर्जाचे हप्ते भरीत आहेत. इतकी वर्षे त्यांनी भाषा शिकून बाजारात ती कामी येत नसेल, तर बदल शिकवण्यात करावा लागेल.

तो फार खर्चाचाही नाही. नववी-दहावीच्या इंग्रजीच्या तासाला महिन्यातून एकदा एखादी खरी जाहिरात, एखादे वेष्टन, एखादा हप्त्याचा करारनामा वर्गात यावा. मुलांनी तीन प्रश्न विचारावेत : यात वचन कोणते? वचन देणाऱ्याला बांधणारा शब्द कोणता? आणि त्याला सोडविणारा शब्द कोणता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सापडणार नाही, आणि तिसऱ्याचे उत्तर बहुधा दोन-तीन अक्षरांच्या शब्दात सापडेल. त्याच तासाला गणिताच्या शिक्षकाने घटत्या शिलकीचे व्याज शिकवावे. फसवणूक झालीच तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळते आणि जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, हे पाठ्यपुस्तकातील कवितेइतकेच पाठ असावे.

हे अशक्य नाही, याची साक्ष प्रत्येक वाण्याच्या दुकानात आहे. १९९० मध्ये वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. 'एमआरपी' ही तीन इंग्रजी अक्षरे आज शाळेत न गेलेली बाईही वेष्टन उलटून शोधते आणि त्याहून पैसा जास्त मागितला तर भांडते. एकाच जागी, एकाच रीतीने, प्रत्येक वस्तूवर तो मजकूर आला म्हणून तो लोकांचा झाला. मात्र ती 'कमाल' किंमत आहे आणि तीहून कमी किमतीला माल मागता येतो, हे त्यातील पहिल्या अक्षराचे सांगणे अजून पुष्कळांपर्यंत पोहोचलेले नाही. अर्धी लढाई जिंकली, अर्धी उरली.

यंदाही वर्गाला तोच गृहपाठ दिला आहे. फक्त सूचना बदलली आहे. ठळक ओळीचे भाषांतर नको, तळाच्या ओळीचे करून आणा, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, फलकाच्या अगदी जवळ गेलो तरी ती वाचता येत नाही." मी म्हटले, हेच वहीत लिही. या गृहपाठाचे बरोबर उत्तर तेच आहे.